सुलेखाला मारण्याआधी पूनमला बोलू दे

तुझी वही दोनदा वाचली. एकदा रात्री सलग, आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. उत्तर लांबणार आहे, कारण नाटकात दम आहे आणि चूकही मोठी आहे.

हे इतरही वाचतील म्हणून आधी थोडक्यात सांगते. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या या तरुण लेखकाने येत्या हंगामासाठी पहिलं तीन अंकी नाटक लिहिलंय. कॉलेजच्या होस्टेलात एका खोलीत राहणाऱ्या सुलेखा आणि पूनम. सुलेखाचा पूनमवर जीव जडलेला आहे. पूनमच्या आयुष्यात अजय येतो आणि सुलेखा बिथरते. चिठ्ठ्या जाळते, अजयच्या दुधात विष कालवते, पूनमला खोलीत कोंडते. शेवटी अजयच्या हातून सुटून सुलेखा गोसेखुर्दच्या कालव्यात पडते आणि मरते. नाटक कंपन्यांचं गाव असलेल्या वडशाच्या एका निर्मात्याला नाटक पसंत आहे. पण लेखकाच्या एका मैत्रिणीने वाचन ऐकून म्हटलं, "हे नाटक अशा मुलींचा अपमान करतं." त्यावर त्याचा मला प्रश्न: बाईवर प्रेम करणाऱ्या बाईला खलनायिका करायचंच नाही का? मग थ्रिलर लिहायचं कसं?

करायचं. खुशाल करायचं. १९९४ पासून मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत, काम करते आहे. नायिका केली, सवत केली, सासू केली, गेली बारा वर्षं दिग्दर्शन करते आहे. वाईट बाई साकारण्यातला आनंद मला कोणी शिकवायला नको. तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं मात्र खरं आहे, आणि ते का खरं आहे हे तुझ्याच वहीतून दाखवते.

पहिला अंक, दुसरा प्रवेश. अजय तीन महिने पूनमच्या मागे आहे. कॉलेजच्या फाटकाशी उभा राहतो, तिच्या बसमध्ये चढतो, तिने नाही म्हटल्यावर तिच्या मैत्रिणीकडून नंबर मिळवतो, रात्री अकराला फोन करतो. तू कंसात लिहिलंस, "ऑर्गनवर मंद प्रेमधून". आता दुसरा अंक, पहिला प्रवेश. सुलेखा फाटकाशी उभी राहते, पूनम किती वाजता आली ते विचारते, तिचा फोन उघडून बघते. तू कंसात लिहिलंस, "ऑक्टोपॅडवर ढगांचा गडगडाट, लाल प्रकाश".

कृती तीच आहे. बदललंय फक्त संगीत.

तुझ्या नाटकात पछाडलेली माणसं दोन आहेत. त्यातल्या एकाला तू नायक केलंस आणि दुसरीला कालव्यात बुडवलंस. आणि कायद्याचं म्हणशील, तर बाई नको म्हणत असताना तिचा सारखा पाठलाग करणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. आधी तो दंड संहितेत ३५४ ड म्हणून होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम ७८ म्हणून आहे. ते कलम पुरुषाने केलेल्या पाठलागासाठीच लिहिलेलं आहे. म्हणजे पहिल्या अंकात तुझा अजय जे करतो त्यासाठी त्याच्यावर तक्रार होऊ शकते, आणि आपण त्यावर प्रेमधून वाजवतो आहोत. हा दोष तुझ्या एकट्याचा नाही. आपली निम्मी नाटकं याच धुनेवर चालली आहेत, आणि त्यातल्या कितीतरी नाटकांत मी स्वतः मान खाली घालून लाजले आहे.

आता पूनम. पेन्सिल घेऊन मी तिची वाक्यं मोजली. चौऱ्याण्णव पानांच्या वहीत तिला एकेचाळीस वाक्यं आहेत, आणि त्यातली सतरा म्हणजे नुसतं "अजय!" किंवा "नाही!". तिला अजय का आवडतो ते ती सांगत नाही. सुलेखाबद्दल तिला काय वाटतं, तेही नाही. तीन वर्षं एका खोलीत, एका स्टोव्हवर रांधून खाल्लेल्या दोघी, आणि सुलेखा मेल्यावर पूनम तिचं नावसुद्धा घेत नाही. अजयच्या खांद्यावर डोकं ठेवते आणि पडदा पडतो. शंकरपटातल्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीतल्या, बक्षिसाच्या ढालीला जेवढं मन असतं तेवढंच तिला आहे. दोघं धावतात, जिंकेल तो नेतो.

सगळी चूक इथून सुरू होते असं मला वाटतं. पूनमला इच्छा नाही, म्हणून सुलेखाच्या प्रेमाला उत्तर देणारं नाटकात कोणी नाही. उत्तर नसलेलं प्रेम तुला नुसतं वेड म्हणूनच दाखवता आलं. मग त्या वेडाला कारण हवं, तर तिसऱ्या अंकात पाच वाक्यांत तू सांगून टाकलंस की लहानपणी मामाने तिच्यावर अत्याचार केला, म्हणून ती पुरुषांचा द्वेष करते, म्हणून ती अशी झाली. ते पान फाड. मी हात जोडून सांगते आहे. आपल्या मंडपात पुढे बोऱ्या टाकून बसलेल्या बायकांत लहानपणी असलं काही सोसलेल्या किती असतील याचा विचार कर. त्या कोणाला मारायला गेल्या नाहीत. त्या धानाच्या बांधीत राबतात, लेकरं वाढवतात. तुझं नाटक त्यांना सांगतं की असं सोसलेली बाई खुनी होते. आणि बाईवर प्रेम करणाऱ्या बाईला सांगतं की तुझं प्रेम ही जखमेवरची खपली आहे. पाच वाक्यांत दोघींचा अपमान.

हा साचा तुझा नाही, तू तो पडद्यावरून उचललास. २००४ च्या जूनमध्ये करण राझदान यांचा 'गर्लफ्रेंड' आला होता, ईशा कोप्पीकर आणि अमृता अरोरा यांचा. दोन मैत्रिणी, मध्ये आलेला तरुण, बिथरलेली पहिली, आणि शेवटी तिचा मृत्यू. तेव्हा संस्कृतीच्या नावाने काही संघटनांनी चित्रपटगृहांत दंगा केला ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच वेळी स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांच्या गटांनीही त्या चित्रपटावर टीका केली होती, अगदी उलट कारणाने, ते फार कोणाला आठवत नाही. पहिल्यांचं म्हणणं, अशा बायका दाखवल्याच का. दुसऱ्यांचं म्हणणं, आम्हाला दाखवलंत ते खुनी म्हणून का. तुझी मैत्रीण दुसरं म्हणते आहे. तुला ऐकू आलं पहिलं.

आणि त्या साच्यातला आणखी एक भाग तू जसाच्या तसा आणलास, तोही बोलून टाकते. पावसाच्या रात्री सुलेखा पूनमच्या केसांना तेल लावते तो प्रवेश. निर्मात्याने त्याच्या समासात लाल शाईने "शिट्टी" असं लिहिलंय. म्हणजे तिथे मंडपातल्या पोरांनी शिट्टी वाजवायची, आणि तीन तासांनी ती मेली की त्याच पोरांनी टाळ्या वाजवायच्या. आधी तिच्याकडे बघून चेकाळायचं, मग तिला शिक्षा द्यायची. मी असल्या प्रवेशात उभी राहिले आहे. अंगाला काय चिकटतं ते मला ठाऊक आहे.

२००६ च्या जानेवारीतली गोष्ट. वैनगंगेच्या काठच्या एका गावात आमचा प्रयोग होता. माझी भूमिका जवळजवळ तुझ्या सुलेखाचीच. विधवा नणंद, भावजयीवर जीव टाकणारी, शेवटी स्वतःच पेटवलेल्या तणशीत जळून मरणारी. पहाटे साडेचारला नाटक संपलं. रंगपटात मी रंग पुसत होते, तेव्हा चाळिशीची एक बाई आत आली. घोंगडी पांघरलेली. मागे दारात तिच्याच वयाची दुसरी उभी, हातात बोरी गुंडाळलेली. पहिली म्हणाली, "बाई, तुमी मेल्या त साऱ्या मंडपात टाळ्या पडल्या. आमी दोघीनं नाई वाजवल्या." मला वाटलं नाटक आवडलं नाही, म्हणून मी काहीतरी सारवासारव केली. ती म्हणाली, "काम चांगलं केल्या तुमी. पन आगपेटी तिच्या हातात कायले देल्ली?" आणि दोघी गेल्या. नंतर मंडळाच्या पोरांकडून कळलं, दोघी एका घरात राहतात, रोवणीच्या कामाला जोडीने जातात, वीसेक वर्षं झाली. गावात त्यांना कोणी काही म्हणत नाही आणि कोणी काही विचारतही नाही. मला त्या प्रश्नाचा अर्थ लागायला फार वर्षं गेली. लागला तेव्हापासून ती भूमिका मी केली नाही.

तुझं नाटक कोणासमोर होणार आहे? वडशाहून नटमंडळींना घेऊन निघालेली ट्रॅव्हल्स बस कुठे थांबते? ज्या गावात त्या रात्री घरोघरी पाहुणे उतरलेले असतात. नाटकाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, पोरगी दाखवली जाते, सोयरीक जुळते. दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्याकडे किती लग्नं नाटकाच्या आवतणातून ठरतात हे तू माझ्याइतकंच जाणतोस. त्या मंडपात एखादी पोरगी बसलेली असेल जिला दुपारीच कोणी बघून गेलंय आणि जिचं मन तिच्या मैत्रिणीपाशी आहे. हे ती कोणाला सांगू शकत नाही. रात्री दोन वाजता ती स्टेजवर पहिल्यांदा आपल्यासारखी एक मुलगी बघते. त्या मुलीच्या हातात तू विषाची बाटली दिलीस. ज्या माणसांनी अशी दुसरी कोणी पाहिलीच नाही, त्यांच्यासाठी ही एकच सगळ्यांची गोष्ट होऊन बसते. सासू वाईट दाखवली तर चालतं, कारण मंडपात शंभर चांगल्या सासवा बसलेल्या असतात.

आता तिसऱ्या अंकातला डॉक्टर आणि दुसऱ्या अंकातला फौजदार. डॉक्टर म्हणतो, "ही विकृती आहे, विजेचे झटके द्यावे लागतील." हे साफ खोटं आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ साली काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की हा आजार नाही. २०२२ पासून असं प्रेम 'बरं' करायला जाणाऱ्या डॉक्टरवर व्यावसायिक गैरवर्तनाची कारवाई होऊ शकते, तसं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलंय. आपल्याकडे स्टेजवर पांढरा कोट घालून कोणी काही म्हटलं की लोक ते घरी घेऊन जातात. एखादा बाप ते वाक्य ऐकून पोरीला नागपूरला घेऊन जाईल. ते पाप आपल्या माथी नको.

तुझा फौजदार सुलेखावर दंड संहितेचं कलम ३७७ लावतो, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं. सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द ठरवलं. त्याआधीही अशा बायांच्या दाराशी पोलीस बहुतेकदा दुसऱ्याच कागदाने येत, बापाने दिलेल्या हरवल्याच्या नाहीतर पळवून नेल्याच्या तक्रारीने. हे अजून घडतं. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे आलेलं प्रकरण असंच होतं. मदुराईहून दोन मुली चेन्नईला निघून गेल्या आणि दोन्ही घरच्यांनी त्या बेपत्ता असल्याची तक्रार केली. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकाल देण्याआधी सांगितलं की हा विषय मला नीट समजत नाही, आणि ते स्वतः मानसशास्त्रज्ञासोबत बसले. एवढा मोठा माणूस शिकायला बसला. त्यात मला एक अख्खं नाटक दिसतं, पण ते तुझं नाही, पुढे कधी. आणि असं काही शहरातच घडतं असं कोणी म्हणालं तर त्याला सांग, १९८७ साली आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात पोलीस दलातल्या दोन शिपाई बायांनी एकमेकींशी लग्न केलं होतं. दोघींची नोकरी गेली.

मग थ्रिलर कसं होणार? आधीपेक्षा जास्त होणार. पछाडणं खरोखर कसं असतं ते बघ. ते काळजीच्या रूपात येतं. डबा आणून देणं, तापात उशाशी बसणं, फोनचा रिचार्ज मारणं. मग हळूच त्याचा हिशेब सुरू होतो. तेलाचा प्रवेश घे. पाऊस काढ, लाल दिवा काढ, दार लावणं काढ. भर दुपार, दार उघडं, बाहेर कोणीतरी कपडे धुतंय. सुलेखा तेल लावते आहे, पूनम सुखाने डोळे मिटून बसली आहे. दोघी हसतात. त्यांच्यात खरंच माया आहे, ती लोकांना दिसू दे. आणि त्याच आवाजात, बोटं न थांबवता, सुलेखा म्हणते, "काल साडेचारला तू बसस्टँडवर नव्हतीस." पूनमचे डोळे उघडतात. सुलेखाचे हात तसेच चालू. ऑर्गन नको, ऑक्टोपॅड नको. मी सांगते, त्या क्षणी तीन हजार माणसं श्वास रोखतील, आणि शिट्टी वाजवायला कोणाला जागा सापडणार नाही.

मग अजयला तसाच एक प्रवेश दे. तोही विचारतो, "काल साडेचारला कुठं होतीस?" पूनमला कळतं की दोन्हीकडे आपली वेळ मोजली जाते आहे. इथे तुझं नाटक उभं राहतं. भीती सुलेखा बाईवर प्रेम करते याची नाही. भीती ही की जी माणसं आपल्यावर जीव टाकतात तीच आपल्याला कोंडतात. ही गोष्ट मंडपातल्या प्रत्येक बाईला समजते.

एक पारख सांगते, मी ती नेहमी करते. सुलेखाच्या जागी सुरेश असं नाव घालून वही वाच. जिथे गोष्ट तशीच चालते, तिथे तू माणूस लिहिलास. जिथे ती अडते, "ती अशीच असते" एवढ्यावरच उभी राहते, तिथे तू माणूस लिहिलेला नाहीस. मी अशा अकरा जागांवर खूण केली आहे.

विनोदी पात्रांविषयी. बंड्या आणि गणप्या सुलेखाच्या चालण्याची, तिच्या कापलेल्या केसांची नक्कल करतात. विनोदी नट हा आपल्या रंगभूमीचा कणा आहे. कुरखेड्याकडच्या गुरनोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच परंपरेतून. म्हणूनच विनोदी नट ज्याला हसतो त्याला दुसऱ्या दिवशी गाव हसतं. बंड्याला अजयच्या पाठलागाची नक्कल करू दे. फाटकाशी उभा राहून पाय सुजलेला, बस चुकलेला. लोक पोट धरून हसतील, आणि कोणा पोरीच्या मनाला ते लागणार नाही.

तिने मरावं की नाही, हेही तू विचारलंस. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. त्याची नायिका मित्रा, बाईवर प्रेम करणारी, रोहिणी हट्टंगडींनी केली होती. मित्रा शेवटी जीव देते. पण तेंडुलकरांनी त्याचं कारण तिच्या प्रेमाच्या जातीत ठेवलं नाही, तिला वापरणाऱ्या आणि एकटं पाडणाऱ्या माणसांत ठेवलं. ती गुंतागुंतीची आहे, हट्टी आहे, कधी क्रूरही आहे, आणि तरी तुम्ही तिच्या बाजूने बसता. तरीही मला त्या नाटकात एक गोष्ट नेहमी खटकते: तिची कहाणी तिचा मित्र बापू सांगतो. चाळीसहून अधिक वर्षांनंतर तरी आपण तिला स्वतःच्या तोंडाने बोलू द्यावं. माझा कौल सुलेखा जगावी असा आहे. विष कालवलं असेल तर ती तुरुंगात जाईल, त्या गुन्ह्यासाठी. पूनम तिला भेटायला जाईल की नाही, हे मला माहीत नाही. ते तुलाही अजून माहीत नसावं, आणि त्यासाठीच तिसरा अंक लिहायचा.

निर्माता कुरकुरेल. त्याला तेलाचा नवा प्रवेश आधी वाचून दाखव, बाकीचं नंतर. गाणी हवीत, लावणी हवी, त्याला माझी ना नाही. प्रयोगाचा ठेका गावाचं मंडळ देतं आणि मंडळात आता बायकाही बसतात, हे त्याला आठवण करून दे. अजयच्या कामासाठी नट निवडताना नायकाचा तोरा नसलेला निवड, नाहीतर तो पुन्हा प्रेमधून मागेल.

वही परत पाठवते आहे. एकसष्टाव्या पानापासून पुढची पानं मी दोऱ्याने शिवली आहेत, ती उघडू नकोस. आधी एक कोरी वही घे आणि त्यात फक्त पूनमने लिहिलेलं लिही: होस्टेलातला पहिला दिवस, सुलेखाने पहिल्यांदा तिच्यासाठी काय रांधलं, अजय फाटकाशी दिसला तेव्हा पोटात काय झालं. वीस पानं तरी. ते स्टेजवर येणार नाही, पण त्याशिवाय तिला बेचाळीसावं वाक्य सुचणार नाही. तालमी दसऱ्यानंतर लागतील. पोळ्याला मी गावी आहे, वही घेऊन ये.